कॉलेजसाठी महागडा लॅपटॉप घेताय? निदान या चुका टाळा

नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी चौदा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते. घर ठाण्यात, नौपाड्यात. बारावीचा निकाल लागला की सोसायटीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्या ओळखीतल्या आईवडिलांचे फोन सुरू होतात. "मॅडम, लाख-सव्वा लाखाची तयारी आहे. कुठला घेऊ?" बऱ्याच जणांनी तोवर घेतलेलाच असतो, त्यांना फक्त माझा होकार हवा असतो. पुढची चार वर्षं त्या लॅपटॉपचं काय होतं ते मी लॅबमध्ये बसून बघते. दरवर्षी चुका त्याच असतात, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

ब्रँच ठरायच्या आधी खरेदी

निकालाच्या आनंदात जूनमध्येच खोकं घरी येतं. सीईटीच्या कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, संपून ब्रँच हातात पडेपर्यंत मात्र ऑगस्ट उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. म्हणजे यंत्र आधी आणि काम नंतर ठरतं.

दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकलच्या एका मुलीला तिच्या मामानं बारावीचं बक्षीस म्हणून मॅक, म्हणजे अॅपलचा लॅपटॉप, दिला. यंत्र उत्तम. वजन जेमतेम सव्वा किलो, पंख्याचा आवाज नाही, दिवसभर चार्जर लागत नाही. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं आणि गाडी अडली, कारण सॉलिडवर्क्स मॅकवर नाही, तसलंच कॅटियाही नाही. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण वर्गात शिकवतात ती विंडोजची. तिनं मॅकच्या पोटात विंडोज बसवून पाहिलं. हल्लीच्या मॅकचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरपेक्षा वेगळ्या रचनेचा, त्यामुळे त्यावर विंडोजही एआरएमचंच बसतं, आणि त्यावर सॉलिडवर्क्स चालवायला कंपनीचा पाठिंबा नाही. शेवटी ती रोज लॅब बंद होईपर्यंत माझ्याकडे बसायची. सहाला मी पंखे बंद करायला उठले की म्हणायची, "मॅडम, दहाच मिनिटं, असेंब्ली सेव्ह करते." मग माझी नेरुळहून ठाण्याची गाडी, साडेसातला घर. लाखाच्या वरचं यंत्र बॅगेत पडून आणि सगळं काम आमच्या जुन्या डेस्कटॉपवर.

विंडोजचा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. २०२४च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे देखणे, पातळ लॅपटॉप आले आहेत. तेही एआरएमच. लिहिणं-वाचणं, ब्राउझर, ऑफिस यांना झकास, पण इंजिनीअरिंगच्या जड सॉफ्टवेअरसाठी घेण्याआधी एकेक नाव तपासावं लागतं. आर्किटेक्चरला जाणाऱ्यांनी रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ही नावं लक्षात ठेवावीत, दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. कॉम्प्युटर किंवा आयटीवाल्यांना मॅकनं काही बिघडत नाही. मात्र मशीन लर्निंगसाठी कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवण्याची एनव्हिडियाची सोय, वापरायची असेल तर एनव्हिडियाचं कार्डच लागतं.

माझा सल्ला पालकांना आवडत नाही, पण तो एकच आहे: थांबा. पहिल्या सेमिस्टरला सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्रॅम असतात. घरातला जुना लॅपटॉप तेवढं ओढतो, नाहीतर लॅब आहेच. तेवढ्या दिवसांत त्याच ब्रँचच्या टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एखाद्या मुलाला कँटीनमध्ये गाठा, कुठकुठली सॉफ्टवेअर वापरावी लागतात ते लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दुकानात जा. "ऑफर रविवारी संपतेय" हे मी चौदा वर्षं ऐकते आहे. पुढच्या रविवारी दुसरी असते.

"रॅम नंतर वाढवू"

नाही वाढत. महागड्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तपशिलात एलपीडीडीआर५ किंवा एलपीडीडीआर५एक्स दिसलं की समजायचं, घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. सोडिम स्लॉट, म्हणजे सुटी रॅम बसवायची खाच, लिहिलेला असेल तरच पुढे वाव आहे. खुद्द अॅपलनं ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली. तरी अजून कुणीतरी शिल्लक साठ्यातला ८ जीबीवाला "स्वस्तात मिळाला" म्हणून आणतं आणि फोनची अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडून, एमुलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालू करून बसतं. १६च्या खाली जाऊच नका. पैसे कुठेतरी वाचवायचेच असतील तर एसएसडीत, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कमध्ये, वाचवा. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती एम.२ नावाच्या खाचेत बसणारी, सुटी असते, दोन वर्षांनी बदलून मोठी घालता येते. मॅकमध्ये तसं करता येत नाही.

स्टिकर वाचून घेतलेला निर्णय

"आय-सेव्हन आहे" एवढ्यानं काही कळत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या पूर्ण नावातलं शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस आणि तापणारा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा: ७५२०यू मधला २ म्हणजे २०१९ सालची झेन २ रचना, ७८४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. नाव नवं आणि आतला माल जुना, असं त्यात सर्रास आहे.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वर. वॅट विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर घालून स्वतः बघा.

स्क्रीनचा उजेड ३०० निट्सच्या खाली नको, आमच्या खिडक्यांजवळच्या बाकांवर काही दिसत नाही.

दुकानातच सेटअप करून घेणं

या चुकीवर मला सविस्तर बोलायचंय, कारण हिच्यापायी एका मुलाचं मिनी प्रोजेक्टचं काम गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

टीईचा मुलगा, कळव्याचा. गणपतीनंतरच्या पावसात ठाणे स्टेशनवर गाडी पकडताना बॅग भिजली आणि लॅपटॉप बंद पडला. वडिलांनी घेताना अपघाती नुकसानीचं कव्हर घेतलं होतं, त्यामुळे मदरबोर्ड बदलून मिळाला. एसएसडी तीच, आतली एक फाइल हललेली नाही. खुशीत लॅबमध्ये आला आणि माझ्यासमोर बटण दाबलं. निळा स्क्रीन, वर बिटलॉकर रिकव्हरी, आणि खाली ४८ आकडी की टाकायला एक रिकामी चौकट.

"मॅडम, हे काय? मी असला पासवर्ड कधी टाकलाच नाही."

त्यानं टाकला नव्हताच. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिलं साइन इन केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला बिटलॉकरचं कुलूप लागतं. कुलपाची किल्ली मदरबोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये राहते. जादा किल्ली, म्हणजे ती ४८ आकडी की, ज्या अकाउंटनं पहिलं साइन इन झालं त्या अकाउंटात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला, टीपीएम बदललं, म्हणून लॅपटॉप जादा किल्ली मागत होता. आम्ही त्याचं अकाउंट उघडलं. तिथे काहीच नाही. मग त्याला आठवलं: दुकानातल्या मुलानं "दहा मिनिटांत चालू करून देतो" म्हणत स्वतःच्याच ईमेलवर सेटअप उरकला होता. घरी आल्यावर यानं आपलं अकाउंट जोडलं आणि ते परकं काढून टाकलं. किल्ली मात्र त्या परक्या अकाउंटातच राहिली. संध्याकाळी तो दुकानात जाऊन आला. तो मुलगा नोकरी सोडून गावी गेलेला आणि ईमेल कुठला होता ते कुणालाच माहीत नाही.

एन्क्रिप्ट झालेली डिस्क कीशिवाय उघडत नाही. डेटा रिकव्हरीवाल्यांकडेही उघडत नाही. शेवटी डिस्क पुसून मीच नव्यानं विंडोज टाकलं. पेनड्राइव्हवर जुलैतली एक कॉपी होती, त्यानंतरचं दोन महिन्यांचं काम गेलं. विंडोज चढत असताना तो पोरगा खुर्ची असून उभाच होता, टक्केवारी वाढताना बघत.

दहा मिनिटं वाचवायची ही घाई मला कधीच समजली नाही. ज्या यंत्रावर लाख रुपये घातले त्याला एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

मी स्वतः असं करते. खोकं सीलबंद घरी आणायचं. खोक्यावरचा, बिलावरचा आणि लॅपटॉपच्या खालचा सीरियल नंबर जुळवायचा. साइन इन मुलाच्या स्वतःच्या ईमेलनं, दुकानाच्या नाही आणि कॉलेजच्याही नाही. त्याच रात्री फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटात जाऊन त्या लॅपटॉपच्या नावाखालची बिटलॉकर की शोधायची आणि पेनानं कागदावर उतरवायची. तो कागद बिलाबरोबर फाइलमध्ये, आईच्या कपाटात. लॅपटॉपच्या बॅगेत नको. मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे तिथलं डिस्कचं कुलूप, चालू केलं तर तीही रिकव्हरी की अशीच लिहून ठेवा. मग सगळे अपडेट संपेपर्यंत दोन-तीनदा रीस्टार्ट, आणि कंपनीनं घातलेला ट्रायलचा अँटिव्हायरस काढून टाकायचा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. बराच वेळ टेबलावर चार्जिंगला लावून काम होणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा.

कॉलेजच्या ईमेलचं वेगळं सांगते. कॉलेजच्या मेलवर ऑफिस आणि वनड्राइव्ह फुकट मिळतं म्हणून मुलं डेस्कटॉपसकट सगळं त्यात ठेवतात. पास झाल्यावर कॉलेज तो मेल बंद करतं. दरवर्षी जूनमध्ये दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसतं. ऑफिस त्या मेलवर खुशाल वापरा, फाइली मात्र स्वतःच्या डिस्कवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

यूएसबी-सीची सगळी भोकं सारखी दिसतात, पण सगळ्यांतून चार्जिंग किंवा डिस्प्ले निघतोच असं नाही. एचडीएमआयचा अॅडॅप्टर घेताना तो आपल्या लॅपटॉपला लावून बघा, प्रेझेंटेशनच्या सकाळी नको.

अॅल्युमिनियमची बॉडी आणि घरातलं अर्थिंग

"मॅडम, लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, पीस खराब आहे का?" जुन्या ठाण्यातल्या इमारतींतून असे फोन येतात. पीस बहुधा ठीक असतो. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी बारीकसा करंट धातूच्या बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो तिकडे निघून जातो, नसेल तर मनगटाला जाणवतो. दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसतंच, म्हणून आधी तीन पिनांची केबल लावून बघा. तरीही झिणझिण्या येत असतील तर बोर्डाला तिसरं भोक आहे पण मागे वायरच जोडलेली नाही, अशी शक्यता मोठी. लॅपटॉप बदलायला धावू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून निदान तेवढा एक पॉइंट नीट करून घ्या आणि अभ्यासाचं टेबल त्या पॉइंटजवळ सरकवा.