बाळाच्या मेंदूसाठी घरी बीपी बरोबर कसं मोजायचं

गरोदरपणात वाढलेलं बीपी बऱ्याचदा आईला जाणवतही नाही, पण बाळाला त्याची झळ बसू शकते. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रथिनही जाऊ लागतं त्या आजारात, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झालेल्या नसतात, म्हणून बाळाला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो. मग बाळाचं शरीर आधी मेंदूला रक्त पुरवतं. सोनोग्राफीत पोटाचा घेर मागे पडतो, डोकं मात्र ठीक दिसतं. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ही ओढाताण लांबली तर मेंदूची वाढही मंदावते, आणि बाळंतपण फार लवकर करावं लागलं तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. बीपी मशीनचा पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत बांधा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. डाव्या कुशीवर झोपून वर राहिलेल्या उजव्या हातावर मोजलं तर कमी येतो, आणि ही चूक जास्त घातक. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहा.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, मग वरचा आकडा असो की खालचा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवीतलं प्रथिन तपासावं लागतं. १६०/११० म्हणजे तातडी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही असेल तर आकडा बघत न बसता लगेच दवाखाना गाठा.

बाळाला बाधेल म्हणून बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा गरोदरपणात चालतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन चालत नाहीत. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडून ती बदलून घ्या. खर्डा, लोणचं, पापड बेताने खा, पण मीठ पूर्ण तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. वही सोबत न्या. गगनबावडा, शाहूवाडीकडून कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायला वेळ लागतो, म्हणून त्रास सुरू झाला तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. ३२ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागलं तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध बाळाच्या मेंदूला जपतं, पण ते बाळ जन्मण्याआधीच आईला द्यावं लागतं.