घरच्या कार्यक्रमासाठी गाण्यांसकट फोटोंची डीव्हीडी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

२००९ साली आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन होतं तेव्हा मी मिरजेत एका फोटो स्टुडिओत नुकताच लागलो होतो, आणि घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं की फोटोंची सीडी हाच करणार. केली पण. आठ दिवस रात्री जागून १८० फोटो, तीन गाणी, सगळं मूव्ही मेकर या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं, फाइल डिस्कवर टाकली आणि हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर प्लेअरला लावली, तर स्क्रीनवर नुसतं 'नो डिस्क'. शेवटी आज्जीला खुर्चीत बसवून काकाच्या कॉम्प्युटरवर १५ इंची स्क्रीनवर दाखवलं, मागच्यांना काहीच दिसलं नाही. तो दिवस मला अजून टोचतो, म्हणून जे पहिल्यांदा करतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चूक काय होती तर मी डेटा डिस्क केली होती. म्हणजे पेनड्राइव्हवर टाकावी तशी मूव्ही मेकरने बनवलेली व्हिडिओची डब्ल्यूएमव्ही फाइल नुसती कॉपी केली. घरातल्या प्लेअरला तसं चालत नाही, त्याला डीव्हीडी-व्हिडिओ लागते, डिस्क उघडली की आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइल्स दिसल्या पाहिजेत. हे काम ऑथरिंगचं, म्हणजे व्हिडिओची प्लेअरला चालणारी डीव्हीडी बनवून देणारं, सॉफ्टवेअर करतं. विंडोज व्हिस्टा आणि ७ च्या काही एडिशनमध्ये डीव्हीडी मेकर आतच मिळायचा, विंडोज ८ पासून तो काढून टाकला, आता फुकटात हवं असेल तर डीव्हीडीस्टायलर घ्या. प्रोजेक्ट सुरू करतानाच टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती विचारतात, त्यातलं पाल निवडायचं, एनटीएससी नाही, कारण आपल्याकडे पाल चालतं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. बिटरेट, म्हणजे प्लेअरने सेकंदाला वाचायचा डेटा, ७-८ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर नेऊ नका, जुने प्लेअर राइट केलेल्या डिस्कवर अडखळतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर ८ ने सुद्धा सव्वा तासाच्या आसपास बसतं, आणि घरचा स्लाइडशो वीस मिनिटांच्या वर कोणी बघत नाही, त्यामुळे जागेची काळजीच नको.

आता खरं काम, फोटो. सॉफ्टवेअर कुणीही चार दिवसांत शिकतं, पण फोटो गोळा करणं आणि लावणं यातच सगळा जीव असतो. जुन्या अल्बममधले काळ्या पानावर कॉर्नर लावलेले फोटो अलगद निघतात, पण चिकट पानांच्या अल्बममधले ओढायचे नाहीत, फाटतात, खालून बारीक दोरा हळूहळू सरकवत सोडवायचे, आणि काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो तर काढूच नका, काचेसकट थोडा तिरका धरून काचेवर उजेड चमकणार नाही असा फोटो घ्या. ४ बाय ६ चा फोटो ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केला तरी १८०० बाय १२०० होतो, टीव्हीला भरपूर झाला. फक्त ग्रुप फोटोत एखाद्या चेहऱ्यावर झूम करायचा असेल तर ६०० ला करा.

क्रम लावताना दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र आले की तारखेने सॉर्ट करायच्या फंदात पडू नका. एकाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे असतं आणि मग पाठवणीनंतर हळद येते! मी सगळ्यांना ००१, ००२ असे नंबर देऊन टाकतो. आणि हो, कुठल्या फोटोत कोण आहे हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा, वहीत लिहा. मला आज्जीने असे सात चेहरे सांगितले जे माझ्या वडिलांना पण माहीत नव्हते.

वेळेचं गणित सोपं आहे. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे ३०० सेकंद, एका फोटोला सहा सेकंद दिले की ५० फोटो. पण दोन फोटो एकमेकांत विरघळताना जो एक सेकंद जातो तो दोघांत वाटला जातो हे लक्षात ठेवा, नाहीतर गाणं उरतं आणि फोटो संपतात. नवीन मुलं तीन सेकंदांवर ठेवतात, त्यांना वाटतं लोक कंटाळतील. नाही कंटाळत. साठ वर्षांपूर्वीच्या ग्रुप फोटोत आज्जी बहिणीचा चेहरा शोधत असते, तिला आठ-दहा सेकंद लागतातच, द्या. आणि पान उलटल्यासारखे, बदामाच्या आकाराचे इफेक्ट कृपा करून टाका बाजूला, साधा फेड पुरे.

जुन्या डब्बा टीव्हीवर दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, कडा कापल्या जातात, म्हणून नाव-गाव लिहिलंय ते चारही बाजूंनी दहा टक्के आत ठेवा. दोन, इरकलीच्या बारीक चौकडी किंवा पैठणीची जर झूम होताना लुकलुकते, त्रास होतो डोळ्याला. तेवढ्या फोटोला अगदी हलका ब्लर द्यायचा किंवा अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करायचं. उभे फोटो ताणून आडवे करू नका हे सांगायला नको, तरी लोक करतात म्हणून सांगतो.

गाण्यात माझं मत असं की शब्दांची गाणी कमी, सनई-बासरी जास्त, कारण फोटो बघताना लोक बोलतात आणि त्यांनी बोलावंच. आवाज सगळ्या ट्रॅकचा सारखा करा, जोडावर तीन-चार सेकंद फेड द्या. आमच्याकडे आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती, ती कॉम्प्युटरला वायर जोडून रेकॉर्ड केली आणि गावच्या घराच्या फोटोंखाली लावली. यूट्यूबवर टाकणार असाल तर मात्र सिनेमातल्या गाण्यांवर कॉपीराइटचा क्लेम येतो, ते धरून चला.

राइट करताना डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी कोरी डिस्क) घ्या, जुन्या प्लेअरला ती सहसा मानवते, स्पीड ४ किंवा ८, फायनलाइज (डिस्क बंद करून दुसऱ्या प्लेअरवर चालण्याजोगी करणं) आणि व्हेरिफाय (लिहिलेलं परत तपासणं) दोन्ही चालू. वर कागदी स्टिकर नको, फिरताना तोल जातो, सीडी मार्करने लिहा. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा रायटर चालतो. त्याच व्हिडिओची एक एमपी४ पेनड्राइव्हवर पण द्या, नवीन टीव्हीला तीच बरी.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच प्लेअरवर, शेवटपर्यंत चालवून बघा. नुसती सुरुवात नाही, शेवटपर्यंत.

महिन्याभराने मी आज्जीची डिस्क नीट करून नेली. लहानपण, लग्न, गावचं घर असे चॅप्टर पाडले होते, रिमोटचं पुढचं बटण दाबलं की थेट तिथे. आज्जी मात्र प्रत्येक वेळी गावच्या घराचाच चॅप्टर लाव म्हणायची, आणि ओव्या सुरू झाल्या की स्वतःच्याच आवाजाबरोबर पुढची ओळ म्हणायची.