मास्टर ऑफ ओरायन : कर आणि लोकसंख्येचे नियोजन कसे करावे

'मास्टर ऑफ ओरायन' हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा, मायक्रोप्रोजने १९९३ मध्ये प्रकाशित केलेला संगणकीय खेळ आजही खेळला जातो, आणि त्याविषयीचा सर्वांत निरुपयोगी सल्ला कर व लोकसंख्येबाबतच दिला जातो. 'मूळ ग्रह आधी पूर्ण भरू द्या' आणि 'पहिल्या वर्षापासून कर लावून शिल्लक जमवा' ही दोन्ही वाक्ये नवख्या खेळाडूने सरळ विसरावीत. पुढील पद्धत खेळाच्या पहिल्या भागासाठीच आहे. ग्रहाचे उत्पन्न निरनिराळ्या कामांत वाटणाऱ्या पाच पट्ट्या कशा हलवायच्या हे वाचकाला माहीत आहे, असे मी धरून चालतो.

पहिल्या वर्षी पर्यावरणाची पट्टी प्रदूषण जेमतेम साफ होईल एवढीच ठेवावी आणि उरलेले सर्व उत्पन्न उद्योगाला द्यावे. प्रदूषण साचू दिले, तर ग्रहाची क्षमताच, म्हणजे तिथे मावणारी लोकसंख्या, घटते.

यामागचा हिशेब असा. लोकसंख्येचे एक एकक, म्हणजे दहा लाख माणसे, वर्षाला अर्धा बीसी (खेळातले चलन) कमावते आणि सुरुवातीच्या तंत्रज्ञानात दोन कारखाने चालवते. कारखाना एक बीसी देतो, पण त्याचे प्रदूषण साफ करण्यात अर्धा बीसी जातो. म्हणजे दहा बीसींच्या कारखान्यातून निव्वळ अर्धा बीसी मिळतो, तर पर्यावरणाच्या पट्टीतून विकत घेतलेल्या एककाला वीस बीसी मोजून, कारखाना नसेल तर, तेवढेच हाती येते. म्हणून आधी कारखाने उभारावेत. माणसे विकत घेण्याची घाई करू नये.

खरी अडचण स्थलांतराची आहे, आणि मलाही सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले. सुरुवातीला मूळ ग्रहावर ४० एकके आणि ३० कारखाने असतात. ते चालवायला १५ एकके पुरतात. उरलेली २५ जवळजवळ बेकार असतात. नव्या वसाहतीत मात्र वसाहत-जहाजातून फक्त दोन एकके उतरतात. नैसर्गिक वाढ ही असलेली लोकसंख्या आणि रिकामी जागा या दोन्हींवर ठरते: सामान्य ग्रहावर लोकसंख्येच्या दहा टक्क्यांना रिकाम्या जागेच्या प्रमाणाने गुणायचे. त्यामुळे १०० क्षमतेचा ग्रह ५० वर असताना सर्वांत वेगाने, वर्षाला अडीच एककांनी वाढतो. ९० वर पोहोचला की ही वाढ एकालाही कमी पडते. ग्रह भरू देण्याचा सल्ला देणारे नेमके हेच विसरतात.

आता ४० पैकी १० एकके ६० क्षमतेच्या नव्या वसाहतीत पाठवून पाहा. मूळ ग्रहाची (क्षमता १००) वाढ २.४ वरून २.१ होते, म्हणजे तोटा ०.३ चा, नव्या वसाहतीची वाढ मात्र सुमारे ०.२ वरून जवळजवळ १ होते. हीच दहा एकके मूळ ग्रह ६० वर असताना पाठवली, तर तिथली वाढ घटण्याऐवजी किंचित वाढते. म्हणून मूळ ग्रह निम्म्याच्या आसपास खेळवत ठेवावा आणि वरची भर सतत बाहेर काढावी. मात्र कारखान्यांच्या संख्येच्या निम्म्याहून कमी एकके मागे राहिली, तर उभे कारखाने बंद पडतात, हे भान सोडू नये.

पाठवताना वाटेत गेलेली वर्षेही मोजावीत. प्रवासातील माणसे काही कमावत नाहीत, म्हणून पहिली तुकडी जवळच्या ग्रहावरच धाडावी. पोहोचेपर्यंत तिथली लोकसंख्या किती झालेली असेल याचा अंदाज घ्यावा, कारण क्षमतेपेक्षा जास्त आलेली माणसे सरळ वाया जातात. दहा-बारा एककांच्या कोवळ्या वसाहतीतून दुसरीकडे माणसे काढणे हा तर शुद्ध अविचार आहे.

कराकडे यानंतरच वळावे. कर जास्तीत जास्त २० टक्के लावता येतो, पण राखीव निधीत त्यातला अर्धाच जमा होतो. शिवाय कोणताही ग्रह स्वतःच्या वार्षिक उत्पन्नाइतकाच निधी त्या वर्षी वापरू शकतो. दोन एककांच्या वसाहतीचे उत्पन्न एक बीसी, म्हणून तिला तुम्ही शंभर बीसी दिले तरी वर्षाला एकच कामी येतो. बारा एकके असतील तर सहा. आधी माणसे, मग पैसा हा क्रम यातूनच ठरतो. माझे मत विचाराल तर वसाहती वाढत असताना कराच्या पट्टीला हातच लावू नये, कारण तो कर वाढत्या वसाहतींकडूनही वसूल होतो. ज्या जुन्या ग्रहाचे कारखाने पूर्ण झाले आहेत, त्याच्याच उद्योगाच्या पट्टीत पैसा ठेवावा. तो निम्म्या दराने राखीव निधीत जातो आणि इतरांना झळ बसत नाही. हा निधी खनिजसमृद्ध ग्रहाला द्यावा, कारण तिथे उद्योगावरचा खर्च दुप्पट फळतो. खनिजदरिद्री ग्रहाला कधीही देऊ नये.

खेळातल्या सर्व साम्राज्यांच्या परिषदेतील मते लोकसंख्येवर ठरतात आणि दोन-तृतीयांश मते मिळवणारा सर्वोच्च नेता म्हणून निवडला जातो, त्यामुळे ही सारी खटपट तिथेही उपयोगी पडते.

क्लोनिंगचे तंत्रज्ञान आले की एककाची किंमत वीसवरून दहा आणि पुढे पाच बीसी होते. तेव्हा माणसे विकत घ्यायला हरकत नाही. ग्रहसुधारणेने क्षमता १०० वरून ११० झाली, तर ९९ वर थबकलेला ग्रह पुन्हा वर्षाला सुमारे एका एककाने वाढू लागतो, आणि तेवढीच माणसे दरवर्षी बाहेर धाडता येतात.