कॉन्फेडरेट सैनिकाची भावंडे शोधताना
अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडून, म्हणजे कॉन्फेडरेट बाजूने, लढलेल्या सैनिकाचे कुटुंब शोधायचे असेल, तर प्रारंभ १८५० आणि १८६० च्या जनगणनेपासून करावा, कारण तरुण सैनिक तेव्हा बहुधा आईवडिलांच्या घरीच नोंदलेला सापडतो. मात्र कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासूनच लिहिले जाऊ लागले. त्यामुळे एका घरातील समान आडनावाची मुले सख्खी भावंडेच आहेत, असे गृहीत धरू नये. वडिलांचे मृत्युपत्र आणि वाटणीचे कागद काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयात अवश्य पाहावेत, कारण विवाहानंतर आडनाव बदललेल्या बहिणी बहुधा तेथेच सापडतात. याच कागदांत पुष्कळदा गुलाम केलेल्या माणसांची नावेही असतात. त्यांच्या वंशजांसाठी ती अमोल असल्याने जपून उतरवून घ्यावीत. भाऊ अनेकदा एकाच कंपनीत (पलटणीतील लहान तुकडीत) भरती होत, म्हणून सैनिकाच्या कंपनीची संपूर्ण नामावली वाचावी. निवृत्तिवेतन संघराज्याने नव्हे, तर दक्षिणेतील राज्यांनी दिले, आणि अर्ज त्या वेळच्या वास्तव्याच्या राज्यात होत असे. जॉर्जियाच्या पलटणीतील माणसाचा अर्ज टेक्सासमध्येही असू शकतो. विधवेच्या अर्जात विवाहाचा तपशील आणि साक्षीदारांचे जबाब मिळतात, आणि हे साक्षीदार कधीकधी सैनिकाचे भाऊच असतात.