शेवटच्या घरी पाणी पोचत नाही म्हणून मोटर बदलू नका! छोट्या पाणी योजनेतल्या या चुका टाळा

आमचा ले-आउट नागपूर शहराबाहेर, हिंगण्याकडे. १८० घरं, एक बोअर, १२ मीटर उंचावर ५० हजार लिटरची टाकी आणि चार गल्ल्या, एवढाच पसारा. मी काही इंजिनिअर नाही, पाणी समितीत यायला कोणी तयार नव्हतं म्हणून मला बसवलं, अन् सहा वर्षांत जेवढ्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या तरी मी स्वतः केल्या, त्याच इथं सांगून राहिलो. तुमच्याकडे ग्रामपंचायतीची नळयोजना असो की फ्लॅटवाल्यांची सोसायटी, गोष्टी याच होतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी. चौथ्या गल्लीतल्या शेवटच्या घरच्या आजीचा रोज सकाळी फोन, "भाऊ, अर्धाच गुंड भरला ना, अन् नळ गेले पाहा." मिटिंग बसली, सगळ्यांचं एकमत, पाच एचपीची मोटर काढा, साडेसातची टाका. टाकली. अन् आजीच्या नळाला एक थेंब जास्त आला नाही, कारण राजेहो, मोटर फक्त टाकी भरते, नळाला प्रेशर देते ती टाकीची उंची. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर, आमची टाकी १२ मीटरवर म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, त्यातलंही पाइपात घासून कमी होणार. खाली दहा एचपी लावा की वीस, टाकीची उंची तेवढीच राहते. वरून झालं काय की नवी मोटर बोअरमधून पाणी एवढ्या जोरात ओढायला लागली की बोअरला भरायला टाइमच मिळेना, लेव्हल खाली गेली, मोटर कोरडी फिरली. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड राहते, पाणी नाही तर वाइंडिंग जळणारच, आणि जळली तीही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात. बोअरमधून मोटर वर काढणारे चेनपुलीवाले येईपर्यंत चार दिवस टँकर.

खरा बिघाड होता चौथ्या गल्लीच्या तोंडाशी. चेंबर उघडलं तर आत गुडघाभर गाळ, तो उपसून व्हॉल्व्हला चावी लावली, बंद करायला फिरवली तर तीन फेऱ्यांतच बंद. आमच्या ४ इंची व्हॉल्व्हला पूर्ण उघडायला १४ फेरे लागतात. म्हणजे कोणीतरी कधीतरी तीनच फेरे उघडून सोडला होता अन् आजी वर्षभर त्या तीन फेऱ्यांवर गुंड भरत होती. तेव्हापासून प्रत्येक चेंबरच्या झाकणावर ऑइल पेंटने फेरे लिहून ठेवले. कधी उलटंही होतं, चावी फिरत राहते पण पाणी कमी-जास्त होत नाही, तेव्हा आतली पाटी दांडीतून निसटलेली असते, ती कितीही फिरवा, व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

म्हणून मोटरचं नाव काढायच्या आधी एक प्रेशर गेज घ्या, काही शे रुपयांत येतो, नळाला आट्याने बसतो. टाकी भरलेली अन् नळ चालू असताना प्रत्येक गल्लीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरी लावून पाहा, आकडे वहीत लिहा. प्रेशर हळूहळू कमी होत गेलं तर पाइप बारीक आहे किंवा वापर जास्त आहे, एका जागी धाडकन पडलं तर बिघाड त्याच दोन घरांच्या मधात. नळ आधी फुसफुस करतो, मग उचक्या देत पाणी येतं, तर लाइनीत हवा अडकली आहे, उंचावरच्या जागी एअर व्हॉल्व्ह आहे का, असला तर त्यात माती बसली का ते बघा.

व्हॉल्व्ह बंद करायचा तर सावकाश. आमचे काका, म्हणजे ऑपरेटर, आधी एका दमात बंद करायचे, वाहतं पाणी अचानक अडलं की पाइपाला आतून हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो, अन् जो जॉइंट आधीच कच्चा आहे तो सुटतो.

टीसीएल पावडर मुठीने टाकणे

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यातले जंतू मारायला टाकतात ती. ती मुठीने टाकणं सगळीकडे चालतं. "मूठभर टाकून देतो ना भाऊ, वीस वर्षं झाली." आता मूठ कोणाची, अन् पावडर कधीची? ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोत्याचं तोंड उघडं राहिलं, वर पंपहाऊसचे टिनाचे पत्रे आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री, तर तो उडून जातो, मागे उरतो नुसता चुना. आमचा हिशोब सांगतो, ५० हजार लिटरला लिटरमागे १ मिलिग्रॅम धरला तर ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, पावडर ३३ टक्क्यांची असेल तर दीडशे ग्रॅम, आणि तीच २० टक्क्यांवर उतरली असेल तर अडीचशे. म्हणजे एकाच मुठीने एका महिन्यात काम होतं अन् दुसऱ्या महिन्यात होत नाही. किराणा दुकानातला छोटा काटा आणून ठेवा. पावडर कोरडी टाकीत फेकायची नाही, बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ टाकीत ओतायचं, मग निदान अर्धा तास थांबून नळ सोडायचे. घाई असली तरी तो अर्धा तास खायचा नाही, जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच.

आणि टेस्ट! पाण्यात क्लोरीन उरला का ते बघायची ओटी टेस्ट असते, औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. काका टाकीखालच्या नळाचं पाणी घ्यायचे, छान पिवळं यायचं, खुश. अरे पण आजीच्या नळाला काय येऊन राहिलं? पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे जे मानक आहे त्यात लिटरमागे कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा असं आहे, आणि तो बघायचा शेवटच्या नळावर. मे मध्ये टाकीतलं पाणीच गरम असतं, क्लोरीन लवकर संपतो, त्यामुळे हिवाळ्याचा डोस उन्हाळ्यात पुरत नाही. शेवटी शून्य आला तर डोस वाढवा, पण एवढाही नको की लोक वासाने कंटाळून शेजारच्या विहिरीवर जातील, आमच्याकडे एकदा तेही झालं. ओटीचं औषध हाताला लावू नका, टेस्ट झालेलं पाणी नळाखालच्या भांड्यात ओतू नका. आता डीपीडी गोळ्यांचे किट मिळतात, त्यात रंग गुलाबी येतो, ते जास्त बरं. अन् तुरटी फिरवली म्हणजे जंतू मेले असं नाही, तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो.

रिकाम्या लाइनीकडे कोणाचं लक्षच नाही

माझ्या मते खरी भानगड इथं आहे. आपण दिवसातून दोन तास पाणी देतो, म्हणजे बावीस तास पाइप रिकामा. भरलेल्या पाइपात भोक असलं तर पाणी बाहेर येतं, रिकाम्या पाइपात भोक असलं तर बाहेरचं पाणी आत जातं. आणि आपल्याकडे घरची कनेक्शनं कुठून जातात? नालीतून. त्यात कोणी टुल्लू पंप लावला की लाइनीतून पाणी खेचलं जातं, पुढच्या घरांना तर मिळतच नाही, वरून चिरलेल्या कनेक्शनमधून नालीचं पाणीही त्यासोबत आत ओढलं जातं. दुसऱ्या गल्लीत एका पावसाळ्यात पाच-सहा घरांत जुलाब लागले, टाकीचं पाणी तपासलं तर चोख. मग त्या घरांच्या नळांचे नमुने एच-टू-एस टेस्टच्या शिशीत घेतले तेव्हा पाणी काळं पडलं, म्हणजे त्यात घाण मिसळलेली, अन् नाली उपसल्यावर सापडलं, अर्धा इंची कनेक्शनला चीर आणि वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ट्यूबने बाहेरची धार थांबली पण आत यायचा रस्ता तसाच. म्हणून ट्यूब, कपडा, एमसील हे रात्रीपुरतं ठीक, सकाळी तुकडा कापून नवा टाकायचाच, आणि जमेल तिथं कनेक्शन नालीच्या वरून न्यायचं.

टुल्लूवरून भांडणं होतात हे मला माहीत आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त टुल्लू एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी चालतात, कूलर भरायला. मोठ्या कूलरची टाकी ६०-७० लिटरची, दिवसाला दीड-दोन वेळा भरावी लागते. शंभर घरांचा हिशोब केला तर दहा हजार लिटर, म्हणजे आमच्या टाकीचा पाचवा हिस्सा. जल जीवन मिशनचं माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर १८० घरांचे नऊशे लोक आधीच टाकी संपवतात, त्यात कूलर कुठं बसतो? आम्ही शेवटी जुन्या विहिरीची वेगळी पाळी कूलरसाठी लावली, पाणी जड आहे, कूलरच्या टट्ट्यांवर (बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर) पांढरे थर चढतात म्हणून बायकांची कुरकुर आहे, पण पिण्याच्या लाइनीवरचा भार उतरला.

गळती शोधताना रस्ता फोडत सुटू नका. ग्रुपवर मेसेज टाकून रात्री ११ ते ५ घरचे नळ बंद ठेवायला सांगा आणि टाकीत पट्टीने लेव्हल मोजा. आमची टाकी आतून ५ मीटर व्यासाची, म्हणजे १ सेंटिमीटर उतरलं की जवळपास २०० लिटर गेले. पहिल्या रात्री टाकीखालचा मेन व्हॉल्व्हच बंद ठेवला, लेव्हल हलली नाही, म्हणजे टाकी चांगली. मग मेन उघडून गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद, २ सेंटिमीटर. मग रोज एक गल्ली. तिसरी उघडली त्या रात्री १४ सेंटिमीटर, पावणेतीन हजार लिटर, अन् तक्रार मात्र चौथीतून येत होती! गळती सिमेंट रोडच्या खाली होती, वर ओल दिसायचं कारणच नाही.

तिथं काय झालं होतं तेही सांगतो, कारण आपल्या काळ्या मातीत हे दर वर्षी होतं. उन्हाळ्यात माती आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते, पाइप त्यात वर-खाली होतो. खाली मुरूम नाही तर वाळूचा थर दिला नसेल तर जॉइंट उघडणारच. त्यातून तो जॉइंट भरदुपारी जोडलेला. पीव्हीसी उन्हात लांबतो, दहा मीटरला वीस डिग्रीचा फरक पडला तरी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, रात्री तो आखडला की कच्चा जॉइंट ओढला जातो. वर पाइप चिकटवायचं सोल्युशन दुपारी लावता लावताच वाळतं. पाइप कोरडा पुसून, सकाळी नाहीतर संध्याकाळी जोडा अन् लगेच पाणी सोडू नका. रिपेअर झाल्यावर पहिलं पाणी टोकाच्या वॉशआउटमधून, म्हणजे लाइन धुवून काढायच्या व्हॉल्व्हमधून, सोडून द्या, ते कोणाच्या गुंडात जाता कामा नये.

स्टार्टर सारखा ट्रिप होतो म्हणून हिरव्या बटणात आगपेटीची काडी खोचलेली मी स्वतः पाहिली आहे, जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा रिले वाढवून ठेवलेला तर नेहमीचाच. ट्रिप होतो म्हणजे तो काहीतरी सांगून राहिला आहे ना, एक फेज गेलेला असेल, व्होल्टेज कमी असेल, नाहीतर पॅनलमध्ये पाल शिरून मेली असेल. अँमीटर, म्हणजे मोटर किती करंट ओढते ते दाखवणारा मीटर, बघा, रोजचा आकडा लिहून ठेवा, वाढला तरी गडबड, कमी झाला तरी गडबड, कमी म्हणजे बहुतेक पाणीच नाही. एक फेज गेला की मोटर थांबवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर अन् पाणी संपलं की थांबवणारं ड्राय रनचं कटऑफ मोटरच्या रिवाइंडिंगपेक्षा स्वस्तात येतं.

टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर रंगवायची अन् टाकी मात्र धुवायची नाही, हाही प्रकार असतो. झाकणाला कुलूप आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसेल तर कबुतरं आत जातात, त्यापुढे टीसीएल काय करणार. ग्रामपंचायतीच्या योजनांत पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं, त्यात हीच जाळी, हेच चेंबर, हीच नाली बघतात. आम्हाला कार्ड नाही, पण बाजूच्या गावच्या जलसुरक्षकाकडून, म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे पाण्याची काळजी घेणाऱ्या माणसाकडून, तो फॉर्म आणून आम्ही आमची तपासणी केली, तर लाज वाटावी असा निकाल आला.

आता पंपहाऊसच्या भिंतीवर लाइनीचा हाताने काढलेला नकाशा आहे, फेऱ्यांचे आकडे आहेत, वही दोरीने बांधलेली आहे. आधी हे सगळं काकांच्या डोक्यात होतं, काका आजारी पडले की आम्ही आंधळे. आणि हो, पंपहाऊसची दुसरी चावी कोणाकडे तरी ठेवा, आमची एकुलती एक चावी एकदा काकांच्या खिशात बसून लग्नाला रामटेकला गेली होती.