बॅटरीचे प्लस-मायनस उलटे लागले, आता गाडी जागी कशी करायची

सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी बॅटरी बसवताना प्लस-मायनस उलटे लागले, ठिणगी उडाली, 'टक्' असा आवाज आला. आता सुलट लावूनही चावी फिरवली तर मीटरवर एक दिवा पेटत नाही. अशा वेळी भोवती जमलेल्यांपैकी निदान एक जण तरी 'ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडाला' असं जाहीर करतो. त्याचं ऐकू नका. ईसीयूमध्ये उलट्या पुरवठ्यापासून बचावाची सोय बहुतेक वेळा असते, आणि त्याच्याही आधी मेन फ्यूज स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. फ्यूज तपासायला अर्धा तास लागतो. त्याआधी कुणी ईसीयूचा भाव सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

लागणारं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर (पुण्यात तापकीर गल्लीतला स्वस्तातला चालेल), १० आणि १२ नंबरचे पाने, स्टार स्क्रू ड्रायव्हर, आणि इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन वायरी आणि टोकांना क्लिपा. हा बल्ब गाळू नका, खरं काम त्याचंच आहे. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

आधी बॅटरी

मायनसचा क्लॅम्प पहिला काढायचा आणि शेवटी लावायचा. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस लावलेलाच असेल, तर पाना वितळवण्याइतका करंट जातो, कारण एवढंच.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची प्रत्येक तपासणी फसवेल. लाल टोक प्लसवर असताना आकड्याच्या आधी वजा चिन्ह दिसलं, तर तुम्ही प्लस समजताय तो मायनस आहे. दुसरी खूण: प्लसचा खांब मायनसपेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने जाड असतो.

केबलच्या रंगावर भरवसा ठेवू नका. जुन्या गाडीत कुणीतरी केबल बदललेली असते आणि दोन्ही काळ्या असतात. मायनसची केबल थोड्याच अंतरावर बॉडीला किंवा इंजिनला बोल्टने बांधलेली दिसते. ती शोधा, म्हणजे वाद मिटला. बहुतेक गोंधळाचं मूळ दुकानातच असतं: एल टाइपच्या जागी आर टाइपची बॅटरी येते, खांबांच्या जागा उलट्या होतात, आणि केबल जिथे सहज पोचते तिथे लावली जाते. त्या अक्षरांचा अर्थ लावत बसू नका. जुनी आणि नवी बॅटरी शेजारी ठेवा. प्लस एकाच बाजूला नसेल तर नवी परत करा. केबल ताणून बसवलेली बॅटरी पुढच्या खड्ड्यांच्या मोसमात क्लॅम्प सैल करणारच.

लक्षण काय आहे ते ठरवा

सगळंच मेलं असेल, हॉर्नसुद्धा वाजत नसेल, तर मेन फ्यूज. गाडी चालू होते पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा जात नाही, तर अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) लाइनमधला फ्यूज किंवा खुद्द अल्टरनेटर. 'चालू तर होतेय' म्हणून याच अवस्थेत रात्री कात्रज घाट चढायला निघू नका. हेडलाइट लावून गाडी फक्त बॅटरीवर फार दूर जात नाही. गाडी नीट चालते पण म्युझिक सिस्टीम, चार्जिंग सॉकेट, सेंट्रल लॉक यांपैकी एखादं बंद असेल, तर छोटा फ्यूज.

आणि सेल्फ मारताना फक्त 'कट कट कट' होऊन दिवे मंदावत असतील, तर आधी क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. फिरला तर फ्यूज वगैरे काही गेलेलं नाही, क्लॅम्प सैल आहे. बारीक खांबावर जाड क्लॅम्प बसवून मध्ये पत्र्याची पट्टी ठोकायची पद्धत आहे, ती वाईट. शिशाची टोपी मिळते ती घाला, किंवा मापाचा क्लॅम्प लावा.

मेन फ्यूज: इथेच लोक गाडीचं नुकसान करतात

मेन फ्यूज दोनपैकी एका ठिकाणी असतो: बॅटरीच्या प्लस क्लॅम्पवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली, किंवा बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये. त्यावर ८०, १००, १२० असा अँपिअरचा आकडा असतो. वरच्या पारदर्शक खिडकीतून बघून 'हा ठीक दिसतोय' असं ठरवू नका. तडा बऱ्याचदा पट्टीच्या वळणाखाली असतो आणि वरून पट्टी अखंड दिसते.

मीटरच्या 'बीप'वरही जाऊ नका. फ्यूज जागेवर असताना दुसऱ्या वाटेने रस्ता मिळाला तर जळका फ्यूजसुद्धा बीप देतो. बॅटरी सुलट जोडा, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसवर धरा, आणि लाल टोक फ्यूजच्या एका बोल्टवर, मग दुसऱ्या बोल्टवर लावा. एकीकडे १२ व्होल्ट आणि दुसरीकडे शून्य किंवा दोन-चार व्होल्ट, म्हणजे फ्यूज गेला. दोन्हीकडे १२, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, पुढचा शोधा.

आता काढणं. छोटे फ्यूज चिमट्याने ओढून निघतात म्हणून हाही ओढायला जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. हा फ्यूज दोन्ही बाजूंनी नट किंवा स्क्रूने आवळलेला असतो. बऱ्याच गाड्यांत ते स्क्रू वरून दिसत नाहीत. बॉक्सच्या बाजूच्या खाचा दाबून बॉक्स उचलावा लागतो, कधी खालचं झाकणही उघडावं लागतं. पकडीने ओढलात तर फ्यूज येणार नाही, प्लास्टिकची बैठक तुटून येईल. ती बैठक वेगळी मिळत नाही. अख्खा बॉक्स घ्यावा लागतो, आणि मग दोनशे रुपये वाचवायला निघालेला माणूस वायरिंगच्या दुकानात उभा असतो.

काढताना मायनस आधी सोडवा. फ्यूजच्या एका बाजूला बॅटरीचा थेट प्लस आहे आणि मध्ये कुठलंच संरक्षण नाही. नट काढण्यापूर्वी बॉक्सखाली फडकं पसरा. खाली पडलेला नट इंजिनच्या अंडरकव्हरमध्ये जाऊन बसतो. नवा फ्यूज त्याच आकड्याचा आणि त्याच आकाराचा हवा, पण लावण्याआधी पुढची बल्बची तपासणी करा. १०० च्या जागी १२० नको. काही गाड्यांत एकाच पट्टीवर चार-पाच फ्यूज असतात. त्यातला एक गेला तरी पूर्ण पट्टी बदलायची. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुना फ्यूज खिशात घेऊन जा, तोंडी वर्णनाने चुकीचाच मिळतो. आवळताना जोर मनगटाचा, दंडाचा नको: खालचा नट प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो, जास्त आवळला तर जागेवरच फिरायला लागतो. आणि सैल राहिला तर तापून प्लास्टिक वितळतं.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून 'सध्या घरी पोचा' म्हणणारा भेटला तर गाडी टो करून न्या. तार जळत नाही, हाच तिचा दोष. पुढच्या शॉर्टला मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, तेही कार्पेटखाली, जिथे धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

नवा फ्यूज लावण्याआधी बल्ब

फ्यूज गेला का, याचं उत्तर मिळालं. तो कशामुळे गेला, याचं अजून नाही. अल्टरनेटरमध्ये सहा किंवा जास्त डायोड असतात. डायोड म्हणजे लक्ष्मी रस्त्यासारखा एकेरी मार्ग, फक्त डायोड नियम पाळतो. बॅटरी सुलट असताना तो तिचा करंट अडवतो. उलटी लागली की तीच दिशा मोकळी होते आणि बॅटरीचा सगळा करंट डायोडमधून सुसाट जातो. क्षणभरच टेकली असेल तर बहुधा फक्त फ्यूज जातो. जास्त वेळ राहिली तर डायोड तापून कायमचे शॉर्ट होतात, आणि मग नवा फ्यूज लावला की तोही 'टक्'.

म्हणून जुना फ्यूज काढून त्याच्या दोन बोल्टमध्ये आपला २१ वॅटचा बल्ब जोडा. दारं बंद, चावी काढलेली, सगळं बंद. आता मायनस लावा. बल्बमधून फार तर पावणेदोन अँपिअर जातात, म्हणून शॉर्ट असला तरी काही जळत नाही. बल्ब पेटलाच नाही, किंवा मंद पेटून थोड्या वेळात विझला, तर शॉर्ट नाही. नवा फ्यूज बिनधास्त लावा. तो मंद उजेड गाडीतले कंट्रोल युनिट जागे होऊन परत झोपण्याचा असतो. दार किंवा डिकी उघडी असेल तर आतल्या दिव्यामुळेही उजेड पडतो. घाबरू नका, दार लावा.

बल्ब झगझगीत पेटून राहिला तर शॉर्ट आहे. मायनस काढा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर एका नटावर असते ती सोडवा, तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळा, मायनस पुन्हा लावा. विझला? अल्टरनेटरच. अजून पेटलाय? छोटे फ्यूज एकेक काढत जा. ज्याच्याबरोबर बल्ब मंदावेल त्या लाइनमध्ये दोष. बल्ब लावलेला असताना चावी ऑन करू नका, पंप आणि बाकी लोडमुळे तो पेटणारच आणि तुम्ही नसलेल्या शॉर्टमागे धावाल. सेल्फ तर मारायचाच नाही.

खात्रीसाठी, ती जाड वायर सुटी असतानाच मीटर डायोडच्या खुणेवर घ्या. लाल टोक अल्टरनेटरच्या अंगाला, काळं त्या जाड वायरच्या बोल्टला: ०.८ ते १ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. टोकं उलटवली की 'ओएल', म्हणजे रस्ता बंद, दिसायला हवं. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर डायोड गेले. यासाठी लगेच नवा अल्टरनेटर घेऊ नका. बऱ्याच अल्टरनेटरची डायोड प्लेट वेगळी मिळते आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ती बदलून देतो.

छोटे फ्यूज आणि रिले

लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. चावी ऑन ठेवून दोन्हींवर १२ व्होल्ट मोजा, फ्यूज काढायची गरज नाही. एखादा फ्यूज बदलताक्षणी पुन्हा जात असेल तर त्या लाइनचा रिले (करंटने चालणारा स्विच) काढून पाहा. काही रिलेंच्या आत डायोड असतो, उलट्या करंटने तोही शॉर्ट होतो. ईसीयूच्या मेन रिलेचंही असंच होऊ शकतं. चावी ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा पेटत नाही म्हणून ईसीयू मेला असं ठरवणाऱ्यांनी हा रिले पाहिलेलाच नसतो.

उलटी केबल जंप स्टार्ट करताना लागली असेल, तर करंट देणाऱ्या शेजाऱ्याच्या गाडीचाही मेन फ्यूज तपासा. त्याला उद्या सकाळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

चालू करून मोजा

इंजिन चालू, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर चालू, मीटर बॅटरीवर: १३.५ ते १४.५. यापेक्षा खाली, १२ च्या घरात राहून उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. नंतर मीटर एसी (उलटसुलट करंटच्या) व्होल्टवर घ्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर एखादा डायोड अर्धमेला आहे, महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी खाईल.

बॅटरी निघाली की गाडी काही गोष्टी विसरते. यानंतर स्टिअरिंगचा किंवा ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा राहिला तर स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडं सरळ चालवा. काच एका झटक्यात वर जात नसेल तर ती पूर्ण वर नेऊन बटण पाच सेकंद दाबून धरा. आयडलिंग पहिले काही किलोमीटर वरखाली झालं तरी बोनेट उघडू नका.