पिकअपचे पाटे बदलताना यू-बोल्टही पाहा
कांद्याच्या हंगामात भरपूर माल वाहणाऱ्या पिकअपचा मागचा पाटा (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगचे पोलादी पान) तुटला की बहुतेक जण तेवढेच पान बदलून घेतात. परंतु पाटे अ‍ॅक्सलला (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याला) जखडणारे यू-बोल्ट सैल असतील, तर सगळा ताण सेंटर बोल्टवर (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टवर) येऊन तो तुटतो, अ‍ॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. यू-बोल्टजवळ घासून चकाकलेली पट्टी किंवा गंजाची तांबूस रेघ दिसल्यास तेथे हालचाल होत आहे, असे समजावे. नवे पाटे बसवताना यू-बोल्टही नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पूर्वीइतकी पकड देत नाही. थोडे दिवस माल वाहून झाल्यावर ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या मापानुसार, पुन्हा आवळावेत; ही दुसरी आवळणी कृपया टाळू नये.